वाटाण्याचा हिशेब

मेणबत्ती पेटलेली आहे. तिच्यापुढे फिल्मची पट्टी, पट्टीपुढे भिंग आणि समोर उघडी भिंत. भिंग जरा पुढे सरकवलं की भिंतीवरचं चित्र विस्कटतं, मागे घेतलं की पुन्हा जुळतं. चित्र मोठं हवं असेल तर भिंतीपासून लांब जावं लागतं, आणि लांब गेलं की चित्र अंधुक होतं. अंतर दुप्पट झालं की तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो आणि मेणबत्तीची ताकद तिथे संपते. १९११ च्या सुमारास मुंबईतल्या एका घरात रात्रीमागून रात्र हा उद्योग चालला होता. तो करणाऱ्या माणसाने चाळिशी ओलांडली होती, छपाईच्या धंद्यातल्या भागीदारांशी त्याचं बिनसलं होतं आणि हातात नियमित उत्पन्न नव्हतं. त्याचं नाव धुंडिराज गोविंद फाळके.

दादासाहेब फाळके म्हटलं की भारतीय चित्रपटाचे जनक, ‘राजा हरिश्चंद्र’ आणि त्यांच्या नावाचा पुरस्कार एवढं आपल्याला पाठ असतं. मला त्यांच्याविषयी वेगळंच सांगायचं आहे. १९११ आणि १९१२ या दोन वर्षांत हा माणूस प्रकाशाच्या आणि काळाच्या भौतिकशास्त्राचा विद्यार्थी झाला. वयाच्या एक्केचाळिसाव्या-बेचाळिसाव्या वर्षी, कुठल्याही महाविद्यालयात नाव न घालता. आणि या अभ्यासातला सगळ्यात सुंदर प्रयोग दादरमध्ये झाला.

त्यांची आधीची शिदोरी बघा. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित, पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवू लागले. घरात वेद, पुराणं आणि पौरोहित्य. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि तिथून बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे चित्रकला, मूर्तिकाम आणि छायाचित्रण शिकले. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, नाटकांचे पडदे रंगवले, ‘केल्फा’ हे स्वतःचंच आडनाव उलटं लावून जादूचे प्रयोग केले, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, मग ब्लॉक आणि रंगीत छपाईचा छापखाना चालवला. फोटोच्या रसायनांशी हाताची ओळख होती हे खरं, पण ती कारागिराची ओळख. मनाची बैठक कलावंताची आणि शास्त्रीबुवांच्या घरातल्या मुलाची होती.

मग गिरगावात एका तंबूतल्या सिनेमागृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत असताना आपल्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण येऊ लागले, असं त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकात लिहिलं आहे. ही गोष्ट नेहमी इथेच थांबवली जाते: स्वदेशीची प्रेरणा, देवादिकांचे चित्रपट. खरं नाट्य मला त्यानंतरच्या महिन्यांत दिसतं. राम-कृष्ण डोळ्यांपुढे येणं ही कवीची अवस्था झाली. फाळके पुढे गेले. हे चित्र हलतं कसं, हा प्रश्न त्यांना झोपू देईना. मिळेल तो सिनेमा पुन्हा पुन्हा बघायचा, घरी येऊन लहानसा कॅमेरा आणि फिल्मची रिळं घेऊन बसायचं, मेणबत्ती लावायची. या ध्यासाने त्यांचे डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासंच झालं. डॉक्टरांचे उपचार झाले, चष्मे आले आणि बरं वाटताच पुन्हा तेच सुरू झालं.

नेमक्या याच काळात पॅरिसमध्ये इतिहासाची पदवी घेतलेला एक तरुणही असाच आडवाटेने भौतिकशास्त्राकडे वळत होता. लुई द ब्रॉय त्याचं नाव. १९१० मध्ये इतिहास शिकून झाला, आणि १९११ च्या, भौतिकशास्त्रज्ञांच्या सॉल्व्हे परिषदेतल्या चर्चांचे कागद थोरल्या भावाकडून त्याच्या हाती पडले. मॅक्स प्लँकने आणला तो ऊर्जेच्या पुंजांचा, म्हणजे सुट्या-सुट्या पुडक्यांचा, प्रश्न त्यात होता. इतिहास मागे पडला. १९२४ च्या प्रबंधात त्याने इलेक्ट्रॉनसारख्या कणांनाही तरंगांचे गुण असतात असं मांडलं आणि १९२९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. द ब्रॉयच्या मागे धनाढ्य घराणं होतं आणि भावाची प्रयोगशाळा होती. फाळक्यांच्या मागे विम्याच्या पॉलिसी होत्या. त्या गहाण टाकून त्यांनी पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला जाणारी बोट धरली.

लंडनचा मुक्काम मी भराभर सांगतो. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांना ते जाऊन भेटले. त्यांनी आधी या धंद्यात न पडण्याचा सल्ला दिला, मग या हिंदी माणसाची तळमळ बघून वॉल्टनला सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत नेऊन सोडलं. तिथे फाळक्यांना काम जवळून बघता आलं. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, कोडॅकची कोरी फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र यांची मागणी नोंदवून १ एप्रिलला ते मुंबईत परतले.

चर्नी रोडच्या राहत्या घराची जागा अपुरी पडणार होती. फाळक्यांनी बिऱ्हाड हलवलं ते दादर मेन रोडवरच्या मथुरा भवन या बंगल्यात. आज त्याच रस्त्याला दादासाहेब फाळके रोड म्हणतात. बंगल्याच्या आवारात त्यांनी काचेची एक छोटी खोली बांधली आणि फिल्म धुण्यासाठी अंधारी खोली तयार केली. मे महिन्यात परदेशातून सामान आलं. सोबतच्या आराखड्यावरून चार दिवसांत त्यांनी ते जोडून उभं केलं. आजूबाजूच्या मुलामुलींची चित्रं घेऊन पाहिली, ती ठीक आली. आता कोणीतरी भांडवल द्यायला हवं होतं आणि त्यासाठी काहीतरी दाखवायला हवं होतं.

फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा कुंडीसमोर लावला.

महिनाभराहून अधिक काळ चित्रण चाललं. त्यातून तयार झाली ‘अंकुराची वाढ’ ही फीत. पडद्यावर मिनिटभरात बी फुटतं, कोंब वर येतो, पानं उलगडतात आणि वेल होतो. ज्या मोजक्या लोकांना ती दाखवली त्यांच्यापैकी यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी फाळक्यांना कर्ज देऊ केलं.

या फितीची हकीगत सगळीकडे एकाच वाक्यात सांगितली जाते: रोज एक फ्रेम, महिनाभर. मी साहित्याचा विद्यार्थी. हे वाक्य मीही वर्षानुवर्षं वाचत आलो होतो. एका संध्याकाळी कागद घेतला आणि हिशेब मांडला. भौतिकशास्त्राची ओढ मला त्या कागदावर लागली, म्हणून तो इथे पुरा देतो.

मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ फ्रेम पडद्यावर जात. म्हणजे मिनिटाला ९६०. रोज एक याप्रमाणे महिन्यात ३० फ्रेम होतील, आणि त्या पडद्यावरून दोन सेकंदांच्या आत निघून जातील. पापणी दोनदा लवली की वेल संपला. मिनिटभराच्या फितीसाठी दिवसाला किमान ३२ फ्रेम हव्यात.

मग त्या ३२ कशा घ्यायच्या? त्या काळचा कॅमेरा हाताने दांडी फिरवून चाले. दांडीच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे. रोज सकाळी एकदा कॅमेऱ्याशी जाऊन चार फेरे मारले की ३२ फ्रेम मिळाल्या. पण त्या सगळ्या एकाच क्षणाच्या असणार. पडद्यावर रोप दोन सेकंद निश्चल उभं दिसेल, मग एकदम बोटभर उडी मारेल, पुन्हा दोन सेकंद निश्चल. त्याला कोणी वाढ म्हणणार नाही. वाढ दिसायला हवी असेल तर एकेक फ्रेम सुटी, दिवसभर विखरून घेतली पाहिजे. बारा तासांच्या उजेडात ३२ म्हणजे साधारण दर बावीस-तेवीस मिनिटांनी एक. कॅमेरा जराही हलता कामा नये. कुंडी हलता कामा नये. मे महिन्यात सामान हाती आलं, म्हणजे पुढचा महिना पावसाळ्याच्या तोंडचा. ऊन कधी कडक, कधी आभाळ भरलेलं. उजेड बदलला की फ्रेमचा काळेपणा बदलतो आणि पडद्यावर चित्र लुकलुकतं.

रात्रीचं काय? रोप रात्रीही वाढतं. रात्री चित्र घेतलं नाही तर दर बत्तीस फ्रेमनंतर, म्हणजे दर दोन सेकंदांनी, पडद्यावर लहानसा धक्का बसणार. शिवाय वाटाणा ही वेल. तिचा शेंडा आणि ताणे हवेत आधार शोधत गोल फिरत असतात. चार्ल्स डार्विनने वेलींच्या या हालचालींवर पुस्तकच लिहिलं. ताण्याची फेरी तासा-दोन तासांत पुरी होते. दिवसाला एकच फ्रेम घेतली तर ही फेरी अजिबात दिसणार नाही, ताणा प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्याच दिशेला वेडावाकडा पडलेला दिसेल. जी हालचाल टिपायची तिच्या मानाने आपल्या टिपण्याचा वेग पुरेसा हवा, नाहीतर खोटी हालचाल पदरात पडते. सिनेमात धावत्या गाडीची चाकं कधीकधी उलटी फिरताना दिसतात, त्याचं कारण हेच आहे. आज कोणतीही लहर मोजताना, आवाज साठवताना, हृदयाची स्पंदनं संगणकावर घेताना हा नियम पाळावाच लागतो.

माझं मत स्पष्ट आहे. मिनिटभराची फीत खरी असेल तर ‘रोज एक फ्रेम’ हे खरं नाही. मथुरा भवनातल्या त्या कुंडीशी कोणीतरी दिवसातून कितीतरी वेळा जात होतं, महिनाभर, न चुकता. फीत आज बघायला मिळत नाही, पण हिशेब पक्का आहे. एका महिन्याची ४३,२०० मिनिटं त्या माणसाने एका मिनिटात बसवली. काळ त्रेचाळीस हजार पट आवळला. त्याच सुमाराला कोलकात्यात जगदीशचंद्र बोस हे भौतिकशास्त्रज्ञ वनस्पतींची वाढ हजारो पट मोठी करून दाखवणाऱ्या यंत्राच्या मागे होते. बोस यांनी अंतर ताणलं, फाळक्यांनी काळ आकसला. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ नावाच्या माणसाने १९१० मध्ये उमलत्या फुलांची अशीच फीत केली होती, आणि तोही मूळचा शास्त्रज्ञ नव्हे, शिक्षण खात्यातला कारकून होता.

योगायोग असा की जर्मनीत मानसशास्त्रज्ञ मॅक्स वेर्टहायमरने १९१२ मध्येच आपला प्रसिद्ध निबंध छापला. दोन स्थिर खुणा एकामागोमाग योग्य अंतराने चमकल्या तर माणसाला त्यांच्यामध्ये हालचाल दिसते, प्रत्यक्षात काहीही हललेलं नसतं. सिनेमाचा पाया तोच आहे. फिल्म भिंगासमोरून सरळ वाहत गेली तर पडद्यावर नुसता धूसर पट्टा दिसेल. तिला सेकंदात सोळा वेळा थांबवावं लागतं आणि सरकताना झडपेने प्रकाश अडवावा लागतो. शिवणयंत्रात सुईखाली कापड थांबत-सरकत जातं, तशी. त्यासाठी फिल्मच्या कडांना भोकं लागतात, आणि या भोकांपाशी मथुरा भवनातली दुसरी व्यक्ती उभी आहे.

सरस्वतीबाई फाळके. विज्ञानाचं शिक्षण नाही, घरात लहान मुलं. कोडॅकची फिल्म भोकांविना येई. ती अंधाऱ्या खोलीत यंत्रावर धरून भोकं पाडायची, हे काम त्यांचं. फिल्मच्या एका फुटात सोळा फ्रेम, प्रत्येक फ्रेमला प्रत्येक कडेला चार भोकं. म्हणजे फुटाला एका कडेची ६४. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट. एका कडेची भोकं झाली २,३६,८००, दुसऱ्या कडेची तितकीच, आणि वाया गेलेली फिल्म वेगळी. ही भोकं जागच्या जागी पडायला हवीत. फिल्मवरची चोवीस मिलिमीटर रुंदीची फ्रेम साडेचार मीटरच्या पडद्यावर जवळजवळ १९० पट मोठी होते. भोक एक दशांश मिलिमीटरने चुकलं तर पडद्यावर चित्र दोन सेंटिमीटर थरथरतं. सरस्वतीबाईंच्या बोटांना हे गणित रोज पाळावं लागत होतं.

रसायनं मिसळणं आणि फिल्म धुणं, हेही त्यांनी केलं. त्या काळच्या फिल्मला निळा-जांभळा प्रकाश चटकन जाणवे आणि लाल प्रकाश जवळजवळ जाणवतच नसे. फिल्म धुण्याच्या खोलीत लाल दिवा चालतो तो यामुळे. वरवर ही कारागिरीची सोय वाटते, पण तिच्या मुळाशी १९०५ मधला आइन्स्टाइनचा विचार आहे: प्रकाश पुंजांनी येतो आणि लाल प्रकाशाचा एकेक पुंज निळ्याहून दुबळा असतो. चांदीच्या क्षाराच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन सुटा करण्याइतकी ताकद एका पुंजात नसेल तर असे कितीही पुंज आले तरी काम होत नाही. द ब्रॉयला ज्या प्रश्नाने इतिहासातून ओढून नेलं, तोच प्रश्न दादरच्या अंधाऱ्या खोलीत रोज हाताखालून जात होता. कुंकवाचा लाल रंग त्या फिल्मवर काळा पडतो आणि निळं आकाश पांढरं फटक होतं, तेही याच कारणाने.

चित्रीकरण सूर्यप्रकाशात होई. मुंबईचं भर दुपारचं ऊन डोक्यावरून येतं, डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि नटाचा चेहराच हरवतो. त्या सावलीत उजेड भरायला सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी धरून तासन्‌तास उन्हात उभ्या राहत. खडबडीत पांढरा पृष्ठभाग प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो, आरशासारखा एका जागी फेकत नाही, म्हणून चेहऱ्यावर तो मऊ पडतो. मग साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. दागिने गहाण पडले ते वेगळंच. भारतातल्या प्रकाशचित्रणाच्या इतिहासात या बाईंचं नाव पत्नी म्हणून येतं. ते तंत्रज्ञ म्हणून यायला हवं. आणि वाटाण्याच्या कुंडीशी दिवसातून कितीतरी वेळा जाणारं ते ‘कोणीतरी’ कोण असेल, याचा विचार मी करतो तेव्हा मला धुंडिराजांइतक्याच त्याही डोळ्यांपुढे येतात.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमागृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याच वर्षी फाळके नाशिकला गेले. पण वाटाण्याच्या वेळचा जिज्ञासू विद्यार्थी त्यांच्यातून गेला नाही. त्यांनी आगकाड्या एकेक फ्रेमला सरकवून त्यांना जिवंत केलं, तळेगावच्या काचकारखान्यावर फीत केली आणि चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा चित्रपटही काढला. धंद्याचं गुपित लपवायचं सोडून ते लोकांना उलगडून दाखवणारा माणूस मला मोठा वाटतो. पौराणिक चित्रपटांच्या झळाळीत त्यांचा हा अर्धा भाग आपण विसरलो. शाळेच्या पाठ्यपुस्तकात फाळके येतात ते कलेच्या धड्यात. त्यांची जागा विज्ञानाच्या पुस्तकातही आहे, प्रकाशाच्या प्रकरणात, सरस्वतीबाईंसह.

दहावीला गणिताची भीती वाटली म्हणून कलाशाखेकडे वळलेली, इतिहास-साहित्य-संगीतात रमलेली आणि चाळिशीनंतर आकाशाकडे किंवा आरशाकडे बघून ‘हे असं का?’ म्हणणारी माणसं दादर-परळ-गिरगावात घरोघर आहेत. त्यांना माझी विनंती आहे. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे, वरळीला नेहरू विज्ञान केंद्र आहे, तिथे जा. आणि त्याआधी, घरात वापरात नसलेला मोबाइल असेल तर तो खिडकीशी पक्का बांधा, समोर कुंडीत चार वाटाणे पेरा आणि दर बावीस मिनिटांनी एक फोटो निघेल असं लावून ठेवा. रात्रीसाठी मंद दिवा ठेवला तर आणखी चांगलं. महिन्याने फीत चालवून बघा, ताण्याची फेरी दिसते का ते तपासा, आणि दिसली नाही तर फोटोंमधलं अंतर निम्मं करून पुन्हा पेरा.